बस की बुस

लीड्सला आल्यावर तिसऱ्याच दिवशी आत्या एकटी बसने कर्कगेट मार्केटात जाऊन आली. दारात छत्री झटकता झटकताच म्हणाली, "अगं, ही माणसं बसला बुस म्हणतात! आणि तो ड्रायव्हर मला लुव म्हणाला."

"लव्ह म्हणाला तो. इथे सगळ्यांनाच म्हणतात."

"ते कळलं मला. म्हणू दे की, कानाला गोडच लागतं. पण लुव?"

तिने कोट खुंटीला अडकवला, पिशवीतून कोथिंबीर, लोणी आणि सहा स्कोन काढून ओट्यावर ठेवले आणि लोण्याचं पाकीट माझ्यासमोर धरलं. "हे मागितलं तर दुकानातल्या बाईने दोनदा काय, काय केलं. मी म्हटलं, बटर. चांगलं स्वच्छ बटर. मग ती म्हणते, बुअ? मधला ट कुठे गेला गं?"

"ट म्हणायच्या जागी घसा क्षणभर बंद करतात. तिला ऐकू येतो तो."

"मला नाही आला."

आत्या चौतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होती. तिच्या टेबलावर डॅनियल जोन्सचा उच्चारकोश कायम असायचा, पाठीचा पुठ्ठा निखळलेला, चिकटपट्ट्या लावून धरलेला. नवा शब्द त्यात पाहिल्याशिवाय ती वर्गात उच्चारत नसे. मी इथे नऊ वर्षं नर्स आहे, त्यातली सात वृद्धांच्या वॉर्डात. माझं इंग्रजी तिने घडवलेलं. त्यामुळे त्या दुपारी मी तिच्याशी वाद घालत होते तो तिच्याच हत्यारांनी, याची मला पूर्ण जाणीव होती.

चहा टाकताना मी म्हटलं, "बुस हा बिघडलेला बस नाहीये, आत्या. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्येसुद्धा पुट आणि कप या दोन शब्दांत एकच स्वर होता, उ. सतराव्या शतकात दक्षिणेकडे त्याला फाटा फुटला. पुट, पुल, बुल यांत उ राहिला आणि कप, लव्ह, लक यांत तो आपल्या अ-कडे सरकला. उत्तरेत फाटा फुटलाच नाही. बस हा शब्द बराच नंतरचा, ऑम्निबसचं शेपूट. पण तो आला तेव्हा इथल्यांनी त्याला आपला घरचा स्वर दिला."

"आणि बॅथ? शेजारचे आजोबा काल बॅथरूमचा नळ गळतो म्हणून सांगत होते."

"तेही जुनंच. बाथ, ग्लास, क्लास यांतला लांब आ दक्षिणेत नंतर आला. इथे आखूडच राहिला."

"जुनं म्हणजे बरोबर, हे कुठून आणलंस? जुनी तर मोडीही आहे. म्हणून काय मी वर्गात मुलांना मोडी लिहायला लावायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे कुठला उच्चार आधीचा हे कळल्याने कुठला योग्य हे ठरत नाही, आणि बोलीच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक ही गल्लत वारंवार करतो.

मग मी दुसरीकडून गेले. "आपण मराठीत क्लास, ग्लास, पास म्हणतो. ते दक्षिण इंग्लंडचे उच्चार. लेफ्टनंटमधला फ, शेड्यूल्ड बँकेतला श, झेड, ॲल्युमिनियम, सगळं ब्रिटिश. अमेरिकेत लूटेनंट, स्केड्यूल, झी, अलूमिनम. पण कार, डॉक्टर, नर्स यांतला र आपण ठणठणीत म्हणतो. लंडनच्या साहेबाने तो म्हटला नसता. १७९१ साली जॉन वॉकरने आपल्या उच्चारकोशात लिहून ठेवलंय की लंडनमध्ये हा र विरत चाललाय."

"कारण आपण इंग्रजी कानाने जेवढं घेतलं तेवढंच डोळ्यांनी घेतलं. पुस्तकात र दिसतो, आपण म्हणतो." आत्याला हा विषय आवडला. तिने चहाचा कप खाली ठेवला. "आणि टोमॅटो बघ. इंग्लंडात तमाटो, अमेरिकेत तमेटो. आपला टोमॅटो दोन्हीकडे नाही. तो आपणच केला."

"मग तो चूक का?"

"मराठीत नाही. इंग्रजी बोलताना चूक."

"आणि शेड्यूल? माझ्या वॉर्डातल्या नव्या मुली सगळ्या स्केड्यूल म्हणतात. इंग्लंडात जन्मलेल्या. १८२८च्या कोशात नोआ वेब्स्टरने स्क लिहिला, कारण शब्द मूळ ग्रीक. पण त्याच्याही आधी इंग्लंडात तो सेड्यूल होता, फ्रेंचांकडून आला म्हणून. मग यातला बरोबर कोणता?"

"ज्या काळी ज्या कोशात असेल तो," आत्या म्हणाली. "कोश बदलतो, मला मान्य आहे. पण कोश हवा. जॉन्सनने उगाच नऊ वर्षं घालवली का?"

डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे आत्याचं दैवत. मी थोडी भीत भीतच म्हटलं, "जॉन्सन स्वतः लिचफिल्डचा होता. जन्मभर लंडनमध्ये राहून, १७५५चा तो कोश करून, तो पंचला पुन्श म्हणायचा. त्याचाच विद्यार्थी, नट डेव्हिड गॅरिक, लिंबू पिळायचा अभिनय करत 'कुणाला हवंय पुन्श' म्हणून त्याची नक्कल करायचा. त्याच्या चरित्रकाराने, बॉस्वेलने, लिहिलंय."

"मी वाचलंय बॉस्वेल," आत्या म्हणाली. "त्यातच ग्रेट या शब्दाची गोष्टही आहे, ती तू सांगत नाहीस. मी सांगते. जॉन्सनच्या मते उच्चारांचा कोश शक्यच नव्हता. का, तर लॉर्ड चेस्टरफील्डने त्याला सांगितलं होतं, ग्रेट हा शब्द स्टेटसारखा म्हणायचा. आणि सर विल्यम याँगने सांगितलं होतं, सीटसारखा म्हणायचा, ग्रेट फक्त आयरिश माणूस म्हणेल. एक उमरावांच्या सभागृहातला सर्वोत्तम वक्ता, दुसरा लोकसभेतला, आणि दोघांचा मेळ नाही."

"मग झालं तर! तूच माझी बाजू मांडलीस."

"थांब जरा. पुढचं ऐक. जॉन्सनने हात टेकले, पण पुढच्या काही वर्षांत टॉमस शेरिडनने तो कोश केलाच. शेरिडन कोण? आयरिश. त्याआधी १७६१ साली त्याने एडिनबरोत व्याख्यानं दिली होती, तेव्हा चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यांवरची स्कॉटिश माणसं लंडनचे उच्चार शिकायला जाऊन बसली होती. ज्यांना घरबसल्या तो उच्चार येत होता त्यांना कोश नको होता. हवा होता तो बाहेरच्यांना. तू नेहमी म्हणतेस, प्रमाण उच्चार मोठ्यांनी लादला. थोडंसं मागणाऱ्यांनी मागितलाही होता."

हे मी कधी अशा बाजूने पाहिलं नव्हतं. तरी म्हटलं, "पण मागितला तो कुणाचा? डॅनियल जोन्सने १९१७च्या पहिल्या आवृत्तीत आपण नोंदवलेल्या उच्चारांना नावच पब्लिक स्कूल उच्चार असं दिलं होतं. बड्या घरची मुलं जिथे राहून शिकायची त्या शाळांचे उच्चार. पुढे १९२६ला नाव बदललं. पीटर ट्रडगिलने सत्तरच्या दशकात अंदाज बांधला होता की इंग्लंडात अगदी तसं बोलणारे शंभरात तीन. तू आटपाडीकडच्या मुलांना त्या तिघांसारखं बोलायला शिकवत होतीस. उरलेल्या सत्त्याण्णवांना तसं येत नव्हतं."

आत्या गप्प बसली. मला वाटलं, लागलं तिला. पण ती आठवत होती.

"आटपाडीकडचाच एक मुलगा होता," ती म्हणाली. "इंजिनिअर झाला. दुष्काळातलं घर, बाप रोजगार हमीवर. एका कंपनीत मुलाखतीला गेला. काहीतरी मोजण्याबद्दल विचारलं, तो मेझर शब्द मेजर असा म्हणाला. आपल्या जेवणातला ज नाही का, तसा. समोरचा म्हणाला, मेजर? मग लष्करात जा. तिघं हसले. तो मुलगा त्यानंतर पंधरा मिनिटं तिथे बसला होता, पण बोलला नाही. त्याला सगळं येत होतं. मला येऊन सांगितलं तेव्हा विचारत काय होता, बाई, मी इतकी वर्षं तसंच म्हणत होतो, तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

तिने कोथिंबिरीची जुडी सोडली आणि काड्या निवडायला घेतल्या.

"तेव्हापासून मी प्रत्येक शब्द जोन्समध्ये बघायला लागले. तुझ्या ड्रायव्हरलाही त्याचा बुस कुठे ना कुठे नडला असेल, नाही म्हणत नाही. पण त्याला बुस म्हणायला अख्खं यॉर्कशर आहे. माझ्या मुलाच्या मेजरला कुठे गाव होतं? सगळे उच्चार सारखे, हे इथे लीड्समध्ये बसून बोलायला सोपं आहे."

"हसणाऱ्यांचं चुकलं, आत्या. त्या मुलाचं नाही."

"हसणारे माझ्या हातात नव्हते. मुलगा होता."

मी काही वेळ बोलले नाही. पाऊस वाढला होता. स्कोन गरम करून तिच्यापुढे ठेवले आणि विषय हलका व्हावा म्हणून विचारलं, हे विकत घेताना ती बाई काय म्हणाली, स्कोन की स्कॉन? आत्या म्हणाली, स्कॉन. उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात स्कॉन, खाली मधल्या भागात बऱ्याच ठिकाणी स्कोन. प्रत्येकाला आपलाच सभ्य वाटतो. आत्याने स्कॉनला लोणी लावलं आणि म्हणाली, टेक्सासला लेकाकडे गेले होते तेव्हा दुकानात पेन मागितलं, तर पोरगा म्हणतो, इंक पेन? तिकडे पिन आणि पेन एकसारखेच बोलतात, म्हणून शाईचं की टोचायचं ते आधी सांगावं लागतं.

तेवढ्यात मला न्यूयॉर्क आठवलं. १९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाच्या तरुण अभ्यासकाने तिथल्या तीन दुकानांत जाऊन विक्रेत्यांना एखादी वस्तू कुठे आहे ते विचारलं. वस्तू अशी निवडायची की उत्तर फोर्थ फ्लोअर, म्हणजे चौथा मजला, असंच यावं. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं. या दोन शब्दांतला र किती जण उच्चारतात, एवढंच त्याला मोजायचं होतं. सॅक्स या महागड्या दुकानात ६२ टक्के लोकांच्या बोलण्यात तो कधी ना कधी आला, मेसीज या मधल्या दुकानात ५१ टक्क्यांच्या आणि क्लाइन या स्वस्त दुकानात साधारण पाचातल्या एकाच्या.

"आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर?" आत्याने बरोबर नेमका प्रश्न विचारला.

"दुसऱ्यांदा र वाढला. जपून बोलताना माणसं तो जास्त म्हणतात."

"म्हणजे त्या विक्रेत्यालाही ठाऊक होतं, बरोबर कोणता ते."

"न्यूयॉर्कमध्ये बरोबर कोणता ते. अगं, लंडनमध्ये नेमका तोच र न म्हणणं खानदानी. र तोच, शब्द तोच. एका शहरात तो म्हणणारा वरचा, दुसऱ्यात न म्हणणारा. मग मान कुणाला मिळतोय, आवाजाला की माणसाला?"

"माणसाला," आत्या चटकन म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं? म्हणून तर ज्याला मान नाही त्याला तो आवाज द्यायचा."

इथे मला माझी गोष्ट सांगावीच लागली. ती मी घरी कुणाला सांगितली नव्हती.

वॉर्डातला माझा दुसरा की तिसरा महिना. जानेवारीतली रात्र. कोपऱ्यातल्या पलंगावर नव्वदीचे एक आजोबा होते. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, पुट वुड इन टॉइल. मला पुट कळलं, ऑइल कळलं. मी विचारलं, तेल हवंय का, कुठे लावायचं? त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. मी त्यांच्या कोरड्या पायांना लावायचं मलम घेऊन आले. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलं तेव्हा आवाज थकलेला होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून, पुस्तकासारखं म्हणाले: शट द डोअर. दार उघडं होतं. कॉरिडॉरमधली गार हवा थेट त्यांच्या अंगावर येत होती, आणि मी दहा मिनिटं त्यांना तशीच गारठ्यात ठेवली होती.

भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लाव. यॉर्कशरमध्ये पोरंसोरंही म्हणतात. होल या शब्दातला ह जातो आणि ओचा ऑइ होतो, ऑइल. त्याच्या आधीचा ट म्हणजे द या शब्दाचं इथे उरलेलं रूप. इंग्रजीच्या परीक्षेत मला उत्तम गुण होते.

"जोन्समध्ये ते नव्हतं, आत्या. मला बोलायला शिकवलं होतं, ऐकायला शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला अर्धांगाचा झटका आला, ताप चढला, की आधी पुस्तकी भाषा जाते आणि ही उरते. दुखतंय कुठे ते तो हिच्यात सांगतो."

आत्याने हातातली काडी बाजूला ठेवली. बराच वेळ ती माझ्याकडे बघत होती. "तू रडलीस का तेव्हा?"

"घरी येऊन."

"मला सांगायचंस." मग थोड्या वेळाने, आवाज न चढवता, ती म्हणाली, "पण एक सांगू? शेवटी दार कोणत्या वाक्याने लागलं? शट द डोअर. ते त्यांनाही येत होतं आणि तुलाही. नव्वद वर्षांचा यॉर्कशरचा माणूस आणि यवतमाळची मुलगी, दोघांना मिळून एकच जागा होती उभं राहायला. ती मी तुला दिली होती."

ते खरं होतं. मी इतकी वर्षं ही गोष्ट स्वतःला सांगत आले होते ती प्रमाण भाषेविरुद्धचा पुरावा म्हणून, आणि त्यातलं शेवटचं वाक्य मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तरीही माझं म्हणणं मी सोडणार नव्हते. त्या जागेपर्यंत यायला थकलेल्या माणसाला तीनदा तेच सांगून शेवटी वाक्य बदलावं लागलं. चालत जायला हवं होतं मी.

म्हणून मी शिकले. वॉर्डातल्या सहकाऱ्यांकडून, आणि नंतर पुस्तकांतून. याच लीड्सच्या विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टन नावाचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना वाटलं की खेड्यांतली जुनी इंग्रजी त्या म्हाताऱ्यांबरोबर जाईल. १९५० ते १९६१ या काळात त्यांची माणसं ३१३ ठिकाणी फिरली, बहुतेक शेतकऱ्यांकडे, बहुतेक साठीपुढच्या माणसांकडे. १३०० च्या वर प्रश्न. आणि पद्धत अशी की हवा असलेला शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, वर्णन करायचं, हिला तुम्ही काय म्हणता एवढंच विचारायचं, म्हणजे विचारणाऱ्याचा उच्चार समोरच्याच्या तोंडात जात नाही.

"हे छान आहे," आत्या म्हणाली. शिक्षकाचे डोळे चमकले. "हे फार छान आहे."

त्या पाहणीसाठी गावोगाव हिंडलेल्यांपैकी एक स्टॅनली एलिस. त्यांची गोष्ट मला तिला सांगायची होती ती त्यांच्या कानाचं कौतुक म्हणून. सत्तरच्या दशकात या भागात एकामागून एक बायकांचे खून होत होते. जून १९७९मध्ये पोलिसांकडे एक ध्वनिफीत आली. मीच तो, असं सांगणारा पुरुषाचा आवाज. एलिसना ती ऐकवली. त्यांनी स्वर ऐकत ऐकत, गावं फिरत, तो आवाज उत्तरेकडच्या संडरलंडपर्यंत आणि तिथेही वेअर नदीकाठच्या कासलटाउन या वस्तीपर्यंत नेऊन ठेवला. सव्वीस वर्षांनी, २००५ मध्ये, जनुकीय पुराव्यावरून तो माणूस सापडला. तो त्याच बाजूचा निघाला.

"आणि खुनी तोच?"

"नाही. ती फसवणूक होती. खुनी इथला, ब्रॅडफर्डचा. त्याची पोलिसांनी अनेकदा चौकशीही केली होती. पण त्याचा उच्चार फितीतल्यासारखा नव्हता. ज्यांचा उच्चार तसा नाही त्यांना वगळत गेले. तो जानेवारी १९८१ला पकडला जाईपर्यंत आणखी तीन जणी गेल्या."

आत्याने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "बघ," ती म्हणाली, "उच्चारावर माणूस तोलला की असं होतं. तू ज्याला कौतुकाने माणसाचं गाव म्हणतेस ना, त्याचाच पोलिसांनी ओळखीचा दाखला केला."

"एलिसनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने बजावलं होतं की हा बनाव असू शकतो. आवाज कुठला ते त्यांनी बरोबर सांगितलं. त्या आवाजाने काय केलं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते ऐकणाऱ्यांनी जोडलं."

"मेजर ऐकून त्या तिघांनीही जोडलंच." ती हे माझ्या बाजूने बोलली की स्वतःच्या, मला अजून ठरवता येत नाही.

मग मी आजीचं नाव काढलं. काढायला नको होतं, पण मनात होतं. आजी, म्हणजे आत्याची आई, वऱ्हाडी बोलायची. डोळ्याला डोया, केळीला केयी, पाण्याला पानी. मी विचारलं, "वर्गात पानी म्हणणाऱ्या पोराला तू पाणी म्हणायला लावायचीस, तेव्हा तुला आजी आठवायची का गं?"

"रोज," आत्या म्हणाली. "मी पुण्याला बी.एड.ला निघाले तेव्हा आई एस.टी.पाशी आली होती. म्हणाली, पुन्याले गेली का डोया म्हनू नको माय, डो... डोळा म्हनजो. तो ळ तिच्या तोंडात बसत नव्हता. घरी एकटीने घोकला असणार. मला सांगता यावं म्हणून." ती खिडकीकडे वळली. "तेव्हा प्रमाण भाषा आईवर कुणी लादली हे मला नको सांगूस. तिने ती माझ्यासाठी मागितली होती. आणि मी तिला घरी कधी डोळा म्हणायला लावलं नाही, हेही खरं."

पाऊस थांबला होता. आत्याने ओट्यावरची तिची वही ओढली, पिशवीतून पेन्सिल काढली. "ते होलचं ऑइल पुन्हा सांग. सगळ्याच ओचं तसं होतं का? मग रोडचं रॉइड होणार."

"नाही, तीच तर गंमत. कोल म्हणजे कोळसा, त्याचं कॉइल. होलचं ऑइल. थ्रोटचं थ्रॉइट. पण रोडचं रुअड. स्टोनचं स्टुअन. जुन्या माणसांच्या बोलीत."

"असं का? कसंही?"

"कसंही नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कोल आणि होल यांत आखूड ओ होता, तो नंतर लांबला. स्टोन मुळात स्तान होता आणि रोड होता राद. लांब आ. दोन वेगळी घराणी. प्रमाण इंग्रजीत दोन्ही येऊन एकाच ओमध्ये मिसळली. इथे अजून वेगळी आहेत."

आत्याने वहीत उभी रेघ मारली. डाव्या रकान्यात कोल, होल, थ्रोट. उजव्यात स्टोन, रोड. बराच वेळ ती त्या दोन रकान्यांकडे बघत राहिली. व्याकरणातला नवा नियम हाती लागला की ती अशीच बसायची, मी लहानपणापासून पाहिलंय.

"म्हणजे जोन्सकडे हा भेद नाहीच," ती म्हणाली. "इथल्या आजोबांकडे आहे." मग लगेच, "बोट? पाण्यातली?"

मी फोनवर व्युत्पत्तिकोश उघडला. "बात. लांब आ."

"म्हणजे उजवीकडे. बुअट." तिने लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पेन्सिल वहीवर ठेवली. "पण हे आपलं कागदावरचं गणित. ऐकायला हवं."

शेजारचे आजोबा कुंपणापाशी कुंडीतलं पाणी ओतून टाकत होते. छपन्न साली बॅटलीच्या गिरणीत लागलेले, तिथेच जन्मलेले. आत्या मागचं दार उघडून, वही हातात घेऊन, ओल्या गवतातून कुंपणापर्यंत गेली. मी मागे गेले. मला वाटलं, ती सरळ विचारेल. पण तिने शब्द उच्चारला नाही. आपल्या नेहमीच्या स्पष्ट, र-ट ठसठशीत असलेल्या इंग्रजीत तिने विचारलं, कालव्यातून माणसं घेऊन जाते तिला तुम्ही काय म्हणता?

आजोबा म्हणाले, "बार्ज."

आत्याने मान हलवली. थोडा विचार केला. मग म्हणाली, नाही, लहान. मासे पकडायला समुद्रात नेतात ती. तुमचे वडील तिला काय म्हणायचे?

आजोबांनी कुंडी खाली ठेवली. त्यांच्या वडिलांबद्दल त्यांना बहुतेक पुष्कळ दिवसांत कुणी विचारलं नसावं. ते जरा वेळ कुंडीकडे पाहत राहिले.

"मी डॅड?" ते म्हणाले. "बुअट. ही'ड सेय बुअट."

आत्याने मान न वळवता माझ्याकडे हात पुढे केला. पेन्सिल आत ओट्यावरच राहिली होती.